साज, चेहरा आणि नाव

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेले असल्याने मेळघाटचे कोरकूही त्यात आले. कोरकूंवरील प्रकरणात ‘मेळघाट डोंगरातील कोरकू’ आणि ‘संपूर्ण साजातील कोरकू स्त्रिया’ अशा अर्थाच्या ओळींची छायाचित्रे आहेत. धारणी हे आज याच मेळघाटातले तालुक्याचे गाव. साजाची नोंद करणाऱ्या त्या ओळीत एकाही स्त्रीचे नाव नाही. ग्लॅमर छायाचित्रणाच्या धंद्याचा इतिहास पाहताना मला हीच ओळ उपयोगी वाटते. कारण दागिने, ठेवण आणि प्रकाश दोन्हीकडे असतात, पण या धंद्याचे पोट भरते ते नावावर.

हे गणित पहिल्यांदा ठळकपणे मांडले न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनीने. नाटकातल्या नामवंतांना बसण्याचे पैसे तो स्वतः द्यायचा आणि नंतर त्यांच्या चित्रांच्या प्रती विकून ते वसूल करायचा. १८८२ मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डची छायाचित्रे काढली. त्यांपैकी एकाच्या ८५ हजार प्रती एका छापखान्याने परवानगीविना काढल्या. सॅरोनी न्यायालयात गेला. यंत्राने काढलेल्या चित्राला कर्ता कसला, हा छापखान्याचा बचाव होता. बैठक, पोशाख, पडदे, छायाप्रकाश यांची योजना छायाचित्रकाराच्या कल्पनेतून झाली आहे, म्हणून तोच कर्ता, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये दिला. चेहऱ्याच्या नावाबरोबर छायाचित्रकाराच्या नावालाही किंमत आली ती अशी.

मुंबईत हा व्यवसाय सिनेमाच्या आधाराने वाढला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ थाटला. नर्गिस, मधुबाला, देव आनंद यांची कृष्णधवल चित्रे तिथे विजेच्या दिव्यांखाली घडली. सिनेमाला प्रसिद्धी हवी होती, म्हणून स्टुडिओला काम होते. खेड्यापाड्यांत तारका आधी पोहोचल्या त्या कागदावर. थिएटर नसलेल्या गावातही कॅलेंडर असे.

पुढच्या पिढीतले मराठी नाव गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे, नोकरी लिंटास या जाहिरात कंपनीत. १९८० मध्ये त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे काढली. पूर्णवेळ छायाचित्रकार मात्र ते १९८७ मध्ये झाले. मधली सात वर्षे मला महत्त्वाची वाटतात. नाव झाल्यावरही ते जाहिरातीच्याच जगात होते. चित्रपट मासिकांची मुखपृष्ठे, जाहिराती, नवोदितांचे पोर्टफोलिओ असे अनेक धागे जुळले की हा व्यवसाय उभा राहतो. ‘फेसेस’ (१९९७) या त्यांच्या ग्रंथात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचे चेहरे आहेत. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे ते संपादक होते. त्यांनी या चेहऱ्यांवर लिहिलेही. म्हणजे नावामागच्या माणसाला शब्द दिले.

आपला कायदा या व्यवहाराकडे कसा पाहतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. परंतु मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. त्यामुळे स्टुडिओतल्या छायाचित्रकाराला एकदाच मिळालेल्या पैशावर समाधान मानावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षेच टिकत असे. आता तो कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. या तरतुदीत केवळ समोर उभे राहिलेल्या माणसाला जागा नाही. तारका आपल्या नावाच्या वजनावर अटी घालू शकते. ज्याचे नावच विचारले गेले नाही, त्याने अट कोणत्या बळावर घालायची?

१९९० च्या दशकापासून कुपोषणाच्या बातम्यांमुळे मेळघाट सतत छापला गेला. व्याघ्र प्रकल्पामुळे पर्यटनाचा कॅमेराही आला. एकाला कृश मूल हवे, दुसऱ्याला रंगीत लुगडे आणि चांदी. दोन्हीकडे ‘आदिवासी महिला’ एवढ्यावर ओळ संपली, तर १९१६ पासून आपण फारसे पुढे आलो नाही.

उलट धारणीच्या बाजारपेठेत एखादी कोरकू नवरी पैसे मोजून लग्नाचा फोटो काढून घेते, तेव्हा कायद्याच्या नजरेत त्या चित्राची पहिली मालकीण तीच असते. मासिकाने पैसे देऊन काढवलेल्या चित्रावर तारकेलाही हा हक्क आपोआप मिळत नाही. छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना मोठ्या नावांच्या यादीसोबत या गिऱ्हाइकांचाही हिशेब मांडायला हवा. तालुक्याच्या गावात छायाचित्रकाराची चूल त्यांच्याच पैशावर पेटली आहे, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर नवरीचे नाव असते.