प्रतीक

‘प्रतीक’ म्हणजे खूण, हे आपण धरूनच चालतो. पण ऋग्वेदात हा शब्द चेहरा, समोरची बाजू या अर्थाने येतो. ‘प्रति’ आणि ‘अञ्च्’, म्हणजे आपल्याकडे वळलेलं. अमरकोशात तो अवयवाच्या पर्यायांत बसलाय. भाष्यकारांनी त्याचा सोयीस्कर उपयोग केला: अख्खी ऋचा न लिहिता तिचे सुरुवातीचे शब्द द्यायचे, त्या शब्दांनाच प्रतीक म्हणायचं. गणपतीत ‘सुखकर्ता झाली का?’ असं आपण विचारतो, तेही हेच.

पूजेतही प्रतीक असतं: विड्याच्या पानावर मूठभर तांदूळ, त्यावर सुपारी. आवाहन केलं की ती गणपती. उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या की पुन्हा सुपारी. प्रतीकाला आत्मा समजू नये, असं ब्रह्मसूत्रांनीही बजावलंय.

समीक्षेत मात्र कवितेतला दिसेल तो पक्षी, दिसेल ती खिडकी ‘प्रतीक’ ठरवायची खोड जडली आहे. ज्याच्या एका टोकाने अख्खं काही आपल्याकडे वळत नाही, त्याला हा शब्द लावू नये.