फुटका सायलेन्सर : लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये कमी खर्चात दुरुस्ती कशी करावी?

हेग शहराला लागून असलेली लायडस्खेनडाम-फोरबर्ग ही नगरपालिका १ जानेवारी २००२ रोजी दोन जुन्या नगरपालिकांच्या एकत्रीकरणातून अस्तित्वात आली. येथून हेग हाकेच्या अंतरावर असल्याने कामाला सायकलने किंवा ट्रामने जाणे सोयीचे पडते. अशा घरातील गाडी मग आठवड्यातून एकदोनदा, किराणा किंवा मुलांचे वर्ग यांसाठी, चारपाच किलोमीटरपुरतीच बाहेर निघते. गाडी कमी चालते म्हणून ती टिकेल असे वाटते. सायलेन्सरच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते. एखाद्या थंड सकाळी गाडी सुरू करताच फडफडाट ऐकू येतो आणि गॅरेजमधून संपूर्ण एक्झॉस्ट बदलण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्यातला एकच भाग निकामी झालेला असतो. तो भाग कोणता हे आधी ठरवणे, हाच खर्च वाचवण्याचा खरा मार्ग होय.

रचना आणि गंजण्याची कारणे

मराठीत ज्याला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हटले जाते, ती वस्तुतः अनेक भागांची साखळी असते. इंजिनला लागून मॅनिफोल्ड, त्यानंतर लवचिक जोडनळी, विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मधला सायलेन्सर, मागचा सायलेन्सर आणि शेवटची नळी असा हा क्रम असतो. ही सारी साखळी रबरी हँगरांनी गाडीच्या तळाला टांगलेली असते. जोडांवर क्लॅम्प आणि गॅस्केट असतात.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. प्रवास लांबचा असेल तर नळी तापून ही वाफ निघून जाते. छोट्या फेरीत मागचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही. आत पाणी साचते, त्यात ज्वलनातील आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरून हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ आणि उत्तर समुद्राकडून येणारी खारी हवा तेच काम करतात. म्हणून मागच्या सायलेन्सरवर बाहेर भोक दिसू लागते, तोवर आतील पत्रा बहुधा संपलेला असतो.

धोका केवळ आवाजाचा नाही

फुटक्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. नळी पुढच्या भागात, म्हणजे इंजिन आणि प्रवासी बसतात त्या जागेच्या खाली फुटली असेल, तर हा वायू तळाच्या फटींतून किंवा हवा खेचणाऱ्या पंख्यातून आत येऊ शकतो. हिवाळ्यात काचा बंद असतात आणि मागे मुले झोपलेली असतात. अशा वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा अनावर सुस्ती जाणवल्यास तो प्रवासाचा थकवा समजू नये. गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत उतरावे, त्रास कायम राहिल्यास वैद्यकीय मदत घ्यावी आणि दुरुस्तीपर्यंत ती गाडी वापरू नये.

पुढच्या भागातील गळतीचा आणखी एक तोटा असतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर चुकीची नोंद देतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेते. असे दीर्घकाळ चालले तर शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतो. या साखळीतला सर्वांत महाग भाग बहुधा तोच असतो.

दोष ओळखताना

पुढील तपासणी मोकळ्या जागेत आणि इंजिन थंड असताना करावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

• पोकळ खडखडाट : बहुधा रबरी हँगर तुटलेला असतो किंवा उष्णतारोधक पत्रा सुटलेला असतो. हा सर्वांत स्वस्त दोष होय.
• थंड इंजिन सुरू करताच पुढून टिकटिक : मॅनिफोल्ड किंवा गॅस्केटमधून गळती.
• वेग वाढवताना मधून फडफडाट : लवचिक जोडनळी किंवा एखादा जोड फाटलेला.
• मागून घोगरा, मोठा आवाज : मागचा सायलेन्सर गंजलेला.
• जोडांभोवती काळी काजळी : गळतीची नेमकी जागा.

सायलेन्सरच्या तळाशी एखादे लहान, गोल, नीटस भोक असेल तर घाबरू नये. पाणी निथळून जावे म्हणून ते कारखान्यातच ठेवलेले असते. डच नियमांनुसार एक्झॉस्ट संपूर्ण लांबीत वायुरोधक आणि घट्ट बसवलेला असावा लागतो. मात्र पाणी निथळण्याच्या भोकांना त्यातून सूट आहे.

काय दुरुस्त करावे, काय बदलावे

हँगर, क्लॅम्प आणि गॅस्केट बदलणे हे किरकोळ काम आहे. तेवढ्याने भागत असेल तर पुढे जाऊ नये.

लवचिक जोडनळी फाटली असता काही ठिकाणी कन्व्हर्टरसह पुढची संपूर्ण नळी बदलण्याचे सुचवले जाते. कन्व्हर्टर चांगला असेल तर फाटलेला तुकडा कापून तेथे नवी लवचिक नळी वेल्डिंगने बसवता येते. हा पर्याय स्वतःहून विचारावा. न विचारता तो सांगितला जाईलच असे नाही.

अनेक गाड्यांत मधला आणि मागचा सायलेन्सर कारखान्यातून एकसंध बसवलेला असतो. इतर उत्पादकांचे सुटे भाग मात्र वेगवेगळे मिळतात. योग्य जागी नळी कापून, जोडनळी आणि क्लॅम्प लावून फक्त मागचा भाग बदलता येतो.

पेस्ट आणि पट्टी हा तात्पुरता उपाय आहे. सरळ नळीवरील लहान भोकावर, गंज नीट घासून काढल्यावर ती काही काळ टिकते. सायलेन्सरच्या गंजलेल्या पत्र्यावर ती टिकत नाही. कारण खाली धरायला धातूच उरलेला नसतो. त्याच कारणाने तेथे वेल्डिंगवर पैसे घालवण्यातही अर्थ नाही.

जुन्या गाड्यांच्या भंगारातून सुटा भाग घेणे मुंबईत कुर्ल्याला जाणाऱ्यांना नवे नाही. नेदरलँड्समध्येही गाड्या सुट्या करून भाग विकणारे परवानाधारक व्यावसायिक आहेत. मॅनिफोल्ड किंवा उष्णतारोधक पत्रा तेथून जरूर घ्यावा. जुना सायलेन्सर घेणे मात्र शहाणपणाचे नाही. त्याच्या आतल्या गंजाचे वय बाहेरून कळत नाही.

नव्या भागावर वर्तुळातील ‘ई’ आणि देशाचा क्रमांक अशी मान्यतेची खूण आहे का ते पाहावे. नेदरलँड्सने दिलेल्या मान्यतेचा क्रमांक ४ आहे. स्वस्त भाग बहुधा अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात. छोट्या फेऱ्या करणाऱ्या आणि आणखी बरीच वर्षे ठेवायच्या गाडीला स्टेनलेस स्टीलचा भाग अखेरीस स्वस्त पडू शकतो. वर्षभरात विकायच्या गाडीला त्याची गरज नाही.

एपीके तपासणी

महाराष्ट्रातील पीयूसी चाचणीत शेपटाच्या नळीतून येणारा धूर मोजला जातो. डच एपीके तपासणी संपूर्ण गाडीची असते आणि गळका किंवा लोंबणारा एक्झॉस्ट तीत नापास होतो. पेट्रोल गाडीची पहिली तपासणी चार वर्षांनी, नंतर दोनदा दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी होते. डिझेल गाडीची पहिली तीन वर्षांनी आणि मग दरवर्षी. १ जानेवारी २०२३ पासून कणगाळणी असलेल्या डिझेल गाड्यांच्या धुरातील सूक्ष्म कणही मोजले जातात. म्हणून कणगाळणी किंवा कन्व्हर्टर काढून तेथे साधी नळी बसवण्याचा ‘स्वस्त’ उपाय बेकायदा तर आहेच, शिवाय तो खर्च पुन्हा करावा लागतो.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधीपर्यंत तपासणी करून घेतली, तरी पुढील मुदत जुन्या तारखेपासूनच मोजली जाते. या दोन महिन्यांचा उपयोग करावा. तपासणी आधी झाली तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारण्यास वेळ मिळतो. शेवटच्या दिवशी गेलेल्या माणसाला समोर येईल तो भाव मान्य करावा लागतो. अहवालात नापासाचे मुद्दे आणि सल्ल्याचे मुद्दे वेगळे असतात. नुसता वरवरचा गंज हा सल्ल्याचा मुद्दा असू शकतो. तो त्याच दिवशी दुरुस्त करण्याचे बंधन नसते. दुरुस्ती न करता केवळ तपासणी करणारी केंद्रेही आहेत. तेथे काम काढण्यात कोणाचा फायदा नसल्याने शंका उरत नाही.

भाव ठरवताना

फोरबर्गच्या वेशीवर हेगचा बिंकहोर्स्ट हा जुना औद्योगिक भाग आहे. गॅरेजांसाठी तो ओळखला जात असे. आता तेथे घरबांधणी होत आहे. साखळी गॅरेज, कंपनीचे अधिकृत केंद्र आणि स्वतंत्र मेकॅनिक या तिन्हींकडे भाव विचारावा. गाडीचा नंबर सांगितला की नेमका भाग कळतो. पुढील गोष्टी लेखी मागाव्यात :

• कोणता भाग बदलणार आणि कोणता ठेवणार;
• मजुरी, क्लॅम्प-गॅस्केट आणि २१ टक्के बीटीडब्ल्यू कर धरून एकूण रक्कम;
• भाग आणि मजुरी या दोन्हींवरील हमी;
• गंजलेला बोल्ट तुटल्यास वाढणारा खर्च.

डच दिवाणी कायद्यानुसार अंदाजे किंमत सांगितली असेल, तर ग्राहकाला वेळीच सावध केल्याशिवाय अंतिम बिल त्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे एक वाक्य गाडी सोपवतानाच लिहून द्यावे आणि काढलेला जुना भाग दाखवण्यास सांगावे.

दुरुस्तीनंतर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास महामार्गावर न्यावी. आत साचलेले पाणी निघून जाते आणि नवा सायलेन्सर अधिक काळ टिकतो. हँगर, जोड किंवा मागच्या भागावर काटकसर जरूर करावी. प्रवाशांच्या पायाखालची गळती मात्र पुढच्या पगारापर्यंत थांबवून ठेवू नये.