‘सून’ म्हणजे नक्की कधी?

इंग्रजीतल्या ‘सून’ या क्रियाविशेषणाचा अर्थ शाळेत आपण ‘लवकर’ असा पाठ केला. (घरातल्या सुनेशी त्याचा संबंध नाही, ती संस्कृत ‘स्नुषा’वरून आली.) हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र या शब्दाचे रूप ‘सोना’ होते आणि अर्थ होता ‘ताबडतोब’. ‘ताबडतोब’चे ‘थोड्या वेळाने’ कुणा वैयाकरणाने केले नाही. ते बोलणाऱ्यांच्या दिरंगाईने झाले.

एकट्या ‘सून’ची ही गत असती तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. ‘ॲनॉन’ हा शब्दही मुळात ‘एकात’, म्हणजे एका दमात, असा होता. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात गुत्त्यातला पोऱ्या फ्रान्सिस भेटतो. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, आतून राजपुत्राचा मित्र हाका मारतो. पोऱ्या ‘ॲनॉन, ॲनॉन’ ओरडतो आणि जागचा हलत नाही. शब्द कसा झिजतो याचा इतका जिवंत पुरावा कोशात मिळायचा नाही. आपल्या हॉटेलांतले ‘आलोच साहेब’ याच जातीचे.

‘बाय अँड बाय’ची कथा जरा भीषण आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात, मार्कच्या शुभवर्तमानात, हेरोदियाची मुलगी हेरोद राजाकडे योहानाचे शिर तबकात मागते, तेही ‘बाय अँड बाय’. आजच्या वाचकाला वाटेल, पोरगी म्हणते आहे, सवडीने द्या. मूळ ग्रीकमध्ये ‘आत्ताच्या आत्ता’ आहे. मागणीतले सारे क्रौर्य त्या घाईतच आहे आणि नेमके तेच भाषेच्या आळसाने पुसले गेले. १८८१च्या सुधारित आवृत्तीत तिथे दुसरा शब्द घालावा लागला.

‘सून’चा जुना ताठा एका ठिकाणी मात्र टिकला. ‘ॲज सून ॲज’ म्हणताना इंग्रज आजही ‘त्याच क्षणी’ असेच म्हणतो. जोडीच्या शब्दांनी त्याला जणू घसरू दिले नाही. ‘सूनर’ या तरभाव रूपाला तर अमेरिकेत वेगळेच नशीब लाभले. २२ एप्रिल १८८९ रोजी भरदुपारी बाराला ओक्लाहोमातली जमीन वसाहतीसाठी खुली झाली. जो आधी पोचेल त्याचा तुकडा. काही जण बाराच्या आधीच चोरून आत शिरून बसले होते. कायद्याने त्यांना हक्क नव्हता, आणि लोक त्यांना हिणवून ‘सूनर’ म्हणू लागले. आज त्या राज्याचे टोपणनावच ‘सूनर स्टेट’ आहे, आणि तिथले लोक ते अभिमानाने मिरवतात.