सणाच्या दिवसांत दारात इन्स्पेक्टर

मंडळी, चिनी नववर्ष म्हणजे त्यांचा पाडवा आणि दिवाळी एकत्रच. त्या दिवसांत मरणाचा विषय काढत नाहीत, अपशकुनी शब्दही तोंडातून जाऊ देत नाहीत. आणि २०१५ च्या फेब्रुवारीत, ऐन या सणात, हाँगकाँगच्या थिएटरांत एक विनोदी सिनेमा लागला. त्याची सगळी गोष्ट उभी आहे एका गरीब तरुणीच्या आत्महत्येवर!

सिनेमाचं नाव ‘अॅन इन्स्पेक्टर कॉल्स’. चिनी नावाचा अर्थ साधारण ‘भपक्याची मेजवानी’. दिग्दर्शक दोघं, रेमंड वाँग आणि हर्मन याऊ. वाँग हे सणासुदीच्या हसऱ्या सिनेमांचे जुने खेळाडू. १९९२ पासून त्यांचा तो ब्रँडच आहे. इन्स्पेक्टर झालाय लुई कू, आणि श्रीमंत घरचे मालक-मालकीण एरिक त्सांग आणि टेरेसा मो.

मूळ नाटक मात्र हसण्यासारखं नाही. इंग्लंडच्या जे. बी. प्रीस्टली यांनी ते दुसरं महायुद्ध संपत आलं असताना लिहिलं. पहिला प्रयोग १९४५ मध्ये झाला तो लंडनला नाही, सोव्हिएत रशियात. लंडनला ते १९४६ मध्ये आलं.

गोष्ट १९१२ सालची. कारखानदाराच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चाललीय. तेवढ्यात इन्स्पेक्टर येतो. म्हणतो, एक पोरगी जंतुनाशक पिऊन मेली. सगळे म्हणतात, आमचा काय संबंध? मग एकेकाचा हात निघत जातो. बापाने तिला कामावरून काढलं, कारण कामगारांनी आठवड्याचा पगार साडेबावीस शिलिंगांवरून पंचवीस मागितला आणि ती पुढे होती. लेकीने दुकानातली तिची नोकरी घालवली. जावयाने आणि मुलाने तिचा वापर केला. आई समाजसेवेच्या कमिटीवर, तिने मदत नाकारली. कायद्याने गुन्हेगार म्हणावा असा खुनी कोणीच नाही, आणि सुटलेलाही कोणी नाही.

आम्हा बातमीदारांना अशा बातमीचं शेवटचं वाक्य पाठ असतं: ‘अकस्मात मृत्यूची नोंद, कारण समजू शकले नाही.’ प्रीस्टलींचं नाटक बरोबर त्या वाक्याच्या पुढे सुरू होतं.

आता प्रश्न असा, की हे हाँगकाँगला का भिडावं? त्या शहरात किमान वेतनाचा कायदाच मुळी २०११ च्या मे महिन्यात लागू झाला, तासाला २८ हाँगकाँग डॉलर. २०१३ मध्ये क्वाई त्सिंग बंदरातले गोदी कामगार ४० दिवस संपावर होते, शेवटी ९.८ टक्के वाढ घेऊन कामावर गेले. नाटकातली मागणी हिशेबाने ११ टक्क्यांची होते. शंभर वर्षं मध्ये गेली, आकडा जवळजवळ तोच! सिनेमा आला तेव्हा छत्री आंदोलनाचे ७९ दिवस संपून जेमतेम दोन महिने झाले होते. ते आंदोलन मताधिकाराचं होतं, पगाराचं नव्हे. पण शहर आधीच दुभंगलेलं होतं.

अशा गावात ही गोष्ट सरळ सांगितली असती, तर सणाला कोण बघायला गेलं असतं? हसवत सांगितली म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सगळं घर एका रांगेत बसून बघू शकलं. ही हिंमत मी मानतो.

पण माझी एक तक्रार आहे. विनोदासाठी सिनेमाने श्रीमंतांना अर्कचित्रासारखं रंगवलंय. भडक कपडे, भडक घर, भडक चेहरे. बघणारा पोटभर हसतो आणि मनात म्हणतो, ‘हे आपण नव्हेच.’ प्रीस्टलींचं कुटुंब बघा, चारचौघांसारखं सभ्य. म्हणून तिथे प्रेक्षकाला पळायला जागा राहत नाही. आपल्या देशात बंगालीत १९६५ मध्ये याच नाटकावरून ‘थाना थेके आसछि’ निघाला, उत्तमकुमार होते त्यात. त्यांनी गंभीर वाट धरली, आणि ती मला जास्त बोचते.

नाटकाच्या शेवटी घरातले शोध लावतात, की असा इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. आई-बाप आणि जावई सुटकेचा श्वास टाकतात. लेक आणि मुलगा मात्र हादरलेलेच राहतात. आणि फोन वाजतो. एक पोरगी आत्ताच मेलीय, चौकशीला इन्स्पेक्टर निघालाय.

नाटक असो की सिनेमा, बघून झाल्यावर एवढं आठवा, की तुम्हाला त्या घरातलं कोण जवळचं वाटलं? सुटकेचा श्वास टाकणारे, की हादरलेले? कमेंटमध्ये नाही लिहिलंत तरी चालेल.