इंद्रायणीकाठचा वाद

पवनाकाठी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपुढे मस्तक टेकवून आळंदीची वाट धरणारा यात्रेकरू एका गणपतीकडून दुसऱ्या गणपतीकडेच चाललेला असतो. हा दुसरा गणपती शब्दांचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेवांनी आरंभीच तो उभा केला. त्याच्या हातातील परशू म्हणजे तर्क, सरळ सोंड म्हणजे विवेक, आणि मुखातील शुभ्र दात म्हणजे संवाद!

हे शब्द सहज सुचलेले नव्हेत. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे मत न मांडता दुसऱ्याचे मोडीत काढायचे, ती वितंडा. (घरोघरीच्या वितंडवादाचे मूळ हेच!) प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे, तो पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, शेवटी सिद्धान्त. हेतूसारखा दिसतो पण हेतू नसतो, तो हेत्वाभास. शास्त्रीबुवा धुरावरून डोंगरावरचा अग्नी सिद्ध करीत. चाकणच्या रस्त्यावर मालमोटारींनी उडविलेल्या धुळीलाच धूर समजून कोणी ‘आग, आग’ म्हणू लागला, तर तो हेत्वाभासच झाला.

ही परिभाषा पंडितांच्या सभेतली, संस्कृतातली. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना वाळीत टाकले ते शास्त्राच्याच आधाराने, असे परंपरा सांगते. त्याच ज्ञानदेवांनी तर्काचा परशू टाकून दिला नाही. तो मराठीत आणला, गणपतीच्या हाती दिला आणि संवादाला समतेचा शुभ्र रंग चढविला. मला तर ज्ञानेश्वरीतला हा सर्वांत धीट भाग वाटतो.

पुढे साडेतीनशे वर्षांनी त्याच इंद्रायणीच्या काठी, देहूस, तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. शूद्राने वेदार्थ मराठीत का बोलावा, हा वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा आक्षेप. तुकोबांच्या वह्या नदीत गेल्या आणि वर आल्या, अशी कथा आहे. अंगाच्या दाहाने त्रासलेले भट्टजी आळंदीस जाऊन बसले आणि तेथून तुकोबांकडे वळले, असेही सांगतात. जल्पाच्या हिशेबी हे निग्रहस्थान, म्हणजे हार पत्करण्याची जागा. वादाच्या हिशेबी मात्र पूर्वपक्षच सिद्धान्ताला येऊन मिळाला.

वारकरी आजही तुकोबांची जी आरती म्हणतात, तिच्या अखेरीस नाव आहे ते रामेश्वरभट्टांचे.