दुर्गसंवर्धनातील स्वयंसेवा : परंपरा आणि मर्यादा

महाराष्ट्रातील गडकोटांच्या जतनाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या क्रमाने सांगितला जातो. १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा, १९५८ चा केंद्रीय अधिनियम, १९६० चा राज्य अधिनियम हे त्याचे ठरलेले टप्पे होत. या मांडणीत स्वयंस्फूर्तीने राबणाऱ्या सामान्य माणसाला स्थान मिळत नाही. वस्तुतः तो या कायद्यांच्या आधीपासून गडावर आहे.

१८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथील वास्तूंकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवरायांवरील पोवाडा प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस याने आपल्या मुंबईविषयक ग्रंथात समाधीच्या दुरवस्थेवर कठोर शब्दांत लिहिले. पुढे लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हा विषय लावून धरला व १८९५ मध्ये श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाची स्थापना झाली. समाधीच्या शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद आजही चालू आहे. त्या वादाच्या गदारोळात एक गोष्ट मात्र झाकोळून जाते. हे कार्य केवळ संस्थानिकांच्या देणग्यांवर नव्हे, तर असंख्य लोकांच्या अल्पस्वल्प वर्गणीवरही उभे राहिले. १८९६ मध्ये गडावर उत्सव भरला. समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण होण्यास मात्र १९२० चे दशक उजाडावे लागले.

योगायोग असा की, इंग्लंडमधील 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्थाही १८९५ मध्येच स्थापन झाली. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्सली हे तिचे संस्थापक. १९०७ च्या स्वतंत्र कायद्याने तिला वैधानिक अधिष्ठान लाभले. आज तिच्या ताब्यातील जुन्या वाड्यांच्या दालनांत प्रशिक्षित स्वयंसेवक उभे राहून अभ्यागतांना माहिती देतात. आपल्याकडे उत्साह तेवढाच होता; त्याला असे अधिष्ठान लाभले नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'इन्टॅक'ने काही प्रमाणात ही उणीव भरून काढली, परंतु दुर्गम डोंगरी किल्ल्यांपर्यंत तिचा हात क्वचितच पोहोचला.

तेथे पोहोचली ती गिर्यारोहक व दुर्गप्रेमी तरुणांची मंडळे. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने ज्यांना गडांची ओढ लावली, त्या पिढीनंतर भ्रमंतीच्या जोडीला श्रमदान आले. रविवारी पहाटे निघून गडावरील प्लास्टिक गोळा करणे, पायवाट मोकळी करणे, पाण्याची टाकी उपसणे ही कामे शेकडो तरुण पदरमोड करून करतात. राज्यातील तीनशेहून अधिक किल्ल्यांपैकी बरेचसे कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत, हे लक्षात घेता या श्रमांचे मोल मोठे आहे.

तथापि, खरा प्रश्न येथेच उद्भवतो. टाक्यातील गाळ हा केवळ गाळ नसतो. त्यात खापरे, नाणी, तोफगोळे स्तराने साचलेले असतात. घमेल्याने उपसलेला स्तर पुन्हा लावता येत नाही; म्हणूनच संरक्षित स्थळी विनापरवाना उत्खननास कायद्याने मनाई आहे. ढासळलेल्या तटाला सिमेंट भरणे हा दुसरा दोष. मूळ बांधकामातील चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते आणि कालांतराने दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. तटातून उगवलेला पिंपळ ओढून काढला, तर मुळांसह चिरेही येतात. वरवर तोडला, तर तो पुन्हा फुटतो. तोफांना ऑइलपेंट फासण्याचा प्रघात तर सर्वत्र दिसतो. आतला गंज तसाच राहून वर केवळ झळाळी येते. श्रद्धेने केलेली हानीही हानीच असते, हे उघडपणे सांगण्यास अभ्यासकही कचरतात.

अभ्यागतांच्या स्वागताबाबतही असाच पेच आहे. गडावर ताक, पिठले-भाकरी देणारी स्थानिक कुटुंबे ही पाहुण्यांची पहिली यजमान. वाटा, पाणवठे आणि पिढीजात कथा त्यांना मुखोद्गत असतात. दंतकथा दंतकथा म्हणून सांगितली, तर तीही वारसाच आहे. परंतु माहितीफलकावर ती इतिहास म्हणून लिहिली जाते, तेव्हा अडचण होते.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, खांदेरी, विजयदुर्ग आदी महाराष्ट्रातील अकरा व तामिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यापुढे या गडांवरील प्रत्येक हस्तक्षेप आंतरराष्ट्रीय निकषांवर तपासला जाईल. यादीबाहेरच्या किल्ल्यांवर मात्र स्वयंसेवकांचाच भरवसा आहे.

या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका विचारात घेणे अगत्याचे ठरते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे अनेकदा किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावी भरतात. शिबिराच्या अहवालात श्रमदानाचे तास व विद्यार्थिसंख्या नोंदलेली असते. उपशात काय निघाले, ते क्वचितच. पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी, कामापूर्वीची छायाचित्रे व मोजमापे, सापडलेल्या प्रत्येक खापराची जागेनिशी नोंद आणि त्या वस्तूंची विभागाकडे सुपूर्दी, एवढे इतिहास विभागाच्या एका अध्यापकाच्या देखरेखीखालीही होऊ शकते. त्यासाठी निराळ्या अनुदानाची आवश्यकता नाही.