सावकारी खतापासून सहकारापर्यंत : परिग्रह-परिमाणाचा सामाजिक अर्थ

श्रावकधर्माचे वर्णन करणाऱ्या आगमग्रंथांत ‘उपासकदशांग’ या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. त्यात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. आनंद हा अत्यंत संपन्न गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा कोषात, चार कोटी व्याजी व व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, दहा हजार गाईंचा एक असे चार गोव्रज, पाचशे नांगरांची जमीन, परदेशी व्यापारासाठी पाचशे आणि स्थानिक वाहतुकीसाठी पाचशे गाडे, असा त्याचा पसारा होता. भगवान महावीरांचा उपदेश ऐकून त्याने संपत्तीचा त्याग केला नाही. याहून अधिक नको, अशी मर्यादा मात्र घालून घेतली. विशेष म्हणजे व्याजी लावलेल्या धनालाही त्याने सीमा घातली.

परिग्रह-परिमाण व्रताचे हे उदाहरण व्याख्यानांतून अनेकदा सांगितले जाते. मात्र एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. एखाद्या सज्जन व्यापाऱ्याने मर्यादा पाळायचे ठरवले, पण ज्या आर्थिक व्यवस्थेत तो राहतो ती व्यवस्थाच मर्यादा सोडण्यास भाग पाडत असेल, तर त्याच्या व्रताचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासात मारवाडी व गुजर सावकार होते आणि त्यांत जैन कुटुंबेही मोठ्या प्रमाणात होती. म्हणून तो इतिहास जैन समाजाने डोळसपणे वाचला पाहिजे.

जुनी घडी आणि नवे कायदे

पेशवाईच्या काळातही सावकार होते आणि कर्जेही होती. परंतु तेव्हा शेतसाऱ्याचा व्यवहार मुख्यत्वे पाटलामार्फत साऱ्या गावाशी होत असे. तंटा उभा राहिला तर तो पंचायतीपुढे जाई. सावकाराला गावातच राहायचे असल्याने गावाच्या मताची कदर करावी लागे. व्याज कितीही साचले तरी ते मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा ‘दामदुपटी’चा नियम लोकमान्य होता. ती व्यवस्था आदर्श होती असे नव्हे. पण ऋणको आणि धनको यांच्यामध्ये गाव उभे होते.

इंग्रजी अमलात हे चित्र बदलले. 1836 साली इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीवर आधारलेली रयतवारी पद्धत सुरू झाली. सारा प्रत्येक खातेदाराच्या नावे, रोख रकमेत आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावयाचा होता. जमिनीवरचा हक्क व्यक्तीचा झाला. म्हणजेच ती गहाण टाकता येऊ लागली आणि लिलावातही निघू लागली. पिकाचे पैसे हाती येण्यापूर्वी हप्ता आला की शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई. सावकार सारा भरी, बियाणे देई, अडीनडीला धान्य देई. त्याच्याविना गावाचा गाडा चालत नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

1859 साली दिवाणी कामकाजाचा नवा कायदा आणि मुदतीचा कायदा असे दोन कायदे झाले. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. तीन वर्षांत दावा केला नाही तर मुद्दलही बुडणार, या भीतीने सावकार दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहून घेऊ लागला. नव्या खतात साचलेले व्याज मुद्दलात मिसळे. अशा रीतीने व्याजाचे मुद्दल बनले की दामदुपटीचा आधारही निसटून जाई.

याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजेल. शंभर रुपयांचे कर्ज, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी नवे खत 172 रुपयांचे, सहा वर्षांनी सुमारे 296 चे, नऊ वर्षांनी 509 चे आणि बारा वर्षांनी 875 रुपयांचे. दामदुपटीच्या नियमाने याच कर्जाचे कधीही दोनशेपेक्षा अधिक मागता आले नसते. खतावर शेतकऱ्याचा अंगठा असे. आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. न्यायालयात तो बहुधा हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोभी सावकाराने खते बदलली यात नवल नाही. परंतु जो सावकार मनाने दयाळू होता, त्यालाही खत बदलून घेणे भाग होते. अन्यथा त्याची रक्कम बुडाली असती. वाईट नियम चांगल्या माणसाकडूनही वाईट काम करवून घेतो, ते असे.

कापसाची तेजी आणि मंदी

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास घाटातून लोहमार्ग येत होता, मजुरी वाढली होती, धान्यही महाग झाले होते. शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. नेमक्या याच वेळी इंदापूरच्या तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत संपून 1867 पासून वाढीव सारा लागू झाला. पुढे इतर तालुक्यांतही तसेच घडले. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि मंदीने धास्तावलेल्या सावकाराने नवे कर्ज देण्याऐवजी जुन्याच्या वसुलीचा तगादा लावला. लिव्हरपूलच्या बाजारातील चढउताराचा फटका अशा रीतीने भीमेकाठच्या खेड्याला बसला.

सुपे, 12 मे 1875

ठिणगी शिरूर तालुक्यातील कर्डे गावी पडली. तेथील ग्रामस्थांनी 1874 च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला. शेतात मजूर जाईना, न्हावी हजामत करीना, पाणी भरणारा येईना. पुढे 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, बाजारच्या दिवशी, जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. वह्या आणि खते बाहेर काढून जाळण्यात आली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. पोलीस व लष्कर बोलवावे लागले आणि शेकडो लोकांना अटक झाली.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक वैशिष्ट्य नोंदवले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जेथे सावकाराने खते मुकाट्याने स्वाधीन केली, तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. शारीरिक हिंसा त्या मानाने फार थोडी झाली. तरीही ज्या कुटुंबांची घरे लुटली गेली, ज्यांना पिढ्यांचे गाव रातोरात सोडावे लागले, त्यांचे दुःख कमी लेखता येणार नाही. त्यांतील कित्येकांनी कायद्याबाहेर काहीही केले नव्हते. पण कायद्याच्या आत राहणे आणि न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या आगीने दाखवून दिले.

कायद्याचा उपाय आणि त्याची मर्यादा

आयोगाच्या अहवालानंतर 1879 साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खतावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. दावा करण्यापूर्वी तडजोड घडवणारे सलोखेदार नेमले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केले.

परंतु कायदा अन्याय रोखू शकतो, पतपुरवठा करू शकत नाही. अनेक सावकारांनी हात आखडता घेतला, काहींनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधली, तर काही ठिकाणी गावातील सधन शेतकरीच सावकार बनले. सावकाराची जात बदलली, सावकारी तशीच राहिली. विल्यम वेडरबर्न यांनी 1880 च्या दशकात पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. रानडे यांचा तिला पाठिंबा होता आणि पुण्यातील धनिकही पैसा घालण्यास तयार होते. हिंदुस्थान सरकार अनुकूल असूनही लंडनहून संमती मिळाली नाही आणि ती योजना बारगळली.

सहकाराचा मार्ग

दरम्यान युरोपात वेगळा प्रयोग चालू होता. 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस सामान्य माणसांनी, ज्यांत अनेक विणकर होते, स्वतःचे दुकान काढले. चोख वजन, शुद्ध माल, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, असे त्यांचे नियम होते. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे आणि भेसळ यांचा निषेध केलेला आहे. रॉचडेलच्या विणकरांनी जैन ग्रंथ पाहिलेही नसतील. पण श्रावकाने मनाशी घ्यावयाची व्रते त्यांनी संस्थेच्या घटनेत लिहून ठेवली. जर्मनीत रायफायझन यांनी ग्रामीण पतसंस्थांना असाच आकार दिला.

1904 साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1911 मध्ये मुंबईत सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. ठाकरसी हे स्वतः कापड गिरण्यांचे मालक होते. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे जेथे अर्धशतकापूर्वी खते जळली होती त्याच भूमीत, विठ्ठलराव विखे पाटील यांनी 1923 साली लोणी येथे पतसंस्था काढली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व 1950 च्या अखेरीस तेथे गळीत सुरू झाले.

ही वाट सोपी नव्हती. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के आढळला. म्हणजे कायदा होऊन जवळजवळ अर्धशतक उलटल्यानंतरही ही स्थिती होती. त्यानंतर सहकार वाढला, तशा त्याच्यातही विकृती शिरल्या. संचालकांची मक्तेदारी, आप्तेष्टांना कर्जे, बुडालेल्या ठेवी, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2014 साली राज्याला सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला, यावरून जुना प्रश्न पुरता मिटलेला नाही हेही दिसते. ‘एक सभासद, एक मत’ हा नियम कागदावर राहून चालत नाही. सभासदाने सभेला जाऊन ताळेबंद वाचावा लागतो.

अंगठ्यापासून सहीपर्यंत

ताळेबंद वाचण्यासाठी अक्षर यावे लागते. या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण अपरिहार्य आहे. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने गरीब मुलाला दयेचा धनी न करता श्रमाचा मानकरी केले. खतावर अंगठा उमटवणाऱ्या शेतकऱ्याचा नातू सही करू लागला, तो अशा प्रयत्नांमुळे. सुपे येथे जे खत जाळून साधले नाही, ते या शाळांनी साधले.

उपसंहार

जैन समाजाने दान भरपूर दिले आहे. मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाने ही त्याची साक्ष आहेत. परंतु दान हे कमाईनंतर येते. कमाई कोणत्या नियमांनी झाली हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आनंद श्रावकाने मर्यादा घातली ती दानाच्या वेळी नव्हे, तर आपल्या साऱ्या व्यवहारालाच. दख्खनचा इतिहास त्याला एवढीच जोड देतो की, मर्यादा केवळ एका मनात राहिली तर नियमांच्या रेट्यापुढे टिकत नाही. तिला संस्थेच्या घटनेत, हिशेबाच्या वहीत आणि सभेच्या ठरावात जागा द्यावी लागते.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल मोठे आहे. होतकरू विद्यार्थ्याला बिनव्याजी साहाय्य, लहान दुकानदाराला वाजवी दराने भांडवल आणि प्रत्येक सभासदाला समजेल असा उघडा हिशेब, या गोष्टी संस्थेच्या नियमांत कायमच्या लिहिल्या गेल्या, तर पुढील पन्नास वर्षांत पदाधिकारी बदलले तरी परंपरा बदलणार नाही. परिग्रह-परिमाणाचे व्रत व्यक्तीने घ्यावे तसे समाजानेही घ्यावे, हाच या शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासाचा बोध आहे.